मारिया मातेच्या शेल्यातली भाडेकरीण

ती. झोइला मावशीस,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना (नव्याला जरा जास्त) विल्सनचा नमस्कार. तू क्विटोच्या इस्पितळात गेल्यापासून पत्र लिहायला रोज बसतो आणि रोज काहीतरी आड येतं. बहुतेक वेळा मीच.

घर ठीक. धुकं खिडकीतून येतं, दारातून जातं, शिस्तीत आहे. हमिंगबर्ड तुझ्या साखरपाण्यावरून भांडतात (जीव अंगठ्याएवढा, तंटे गावसभेचे). तुझ्या भाड्याच्या खोलीतले पाहुणे, दंतवैद्य एचेव्हेरिया, तोफेएवढा कॅमेरा घेऊन आलेत. पाखराला म्हणतात, "हलू नकोस, अजिबात दुखणार नाही." एवढा डोंगर हिरवागार, पण साहेबांना हवं तसलं हिरवं नाही. म्हणून फोटोत मागे टांगायला त्यांनी जंगलाचं चित्र छापलेलं कापड आणलं होतं. ते वाऱ्याने दरीत नेलं. जंगलात जंगल शोधत मी अर्धी दरी उतरलो, एक बूट चिखलाला वाहिला (डावा, तसाही चावायचा), तेवढ्यात खेचरवाला रामोन वरून म्हणाला, "काय विल्सनराव, झाडं हरवली का?"

कापड नाही तर निघतो, म्हणाले डॉक्टर. आणि पाहुणा नाराज गेला तर मला मामाच्या केळीबागेत राबायला धाडीन, असं तू बजावलेलंस. घरात हिरवं कापड एकच, तुझ्या पेटीत. हो, तेच. यंदा सणाची यजमानीण तू, म्हणून चर्चमधल्या मारिया मातेच्या मूर्तीचा नवा शेला आपल्याकडे, हे मला ठाऊक होतं. पाचच मिनिटं म्हणून पडवीत खिळ्याला कोपरा गुंडाळून टांगला. फोटो झकास आले. शेला धुक्याने भिजला, वाळू दे म्हटलं, आणि मी नदीवरचा नवा झुलता पूल बघायला गेलो. पूल चांगला आहे, त्यामुळे पलीकडच्या गावीही गेलो. मग तिथे लग्न होतं, आठ-दहा दिवस चाललं.

परत येतो तर एका हमिंगबर्ड मादीने शेल्याच्या घडीत कापूस न् कोळ्याची जाळी आणून घरटं थाटलेलं, आत घेवड्याच्या दाण्याएवढी दोन अंडी. "कापड हललं तर ती अंडी टाकून जाईल," डॉक्टरांनी बजावलं. पंधरा दिवस झाले, ते स्वतःही हलत नाहीत.

तुझा,
विल्सन

ता. क. रविवारी मिरवणूक. मातेला यंदा गेल्या वर्षीचा शेला चालेल, हे फादरना तूच सांग. तुझं ते ऐकतात. मला बघून नुसता उसासा सोडतात.

ता. क. केळीबागेचा विषय मी मुद्दाम काढलेला नव्हता, तो वर चुकून आला.

ता. क. सकाळीच एका अंड्यातून पिल्लू बाहेर आलं.

ता. क. आत्ता फाटकाशी बस थांबली. कुबडी टेकत कोण उतरतंय म्हणून पाहतो, तर तूच. आता हे हातातच देतो. तिथेच बाकावर बसून शेवटपर्यंत वाच, आणि मग आवाज न चढवता वर ये. पडवीत बाळंतीण आहे.