सरासरीचा पाऊस

सानगडी, डिसेंबर १९८३

प्रिय सेवकराम,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं. खोडायचे कष्ट घेत नाही.

लाखांदूरच्या मेळाव्यातलं तुझं भाषण मी मागं बसून ऐकलं. पृथ्वी तापली तर विमानांनी उंच आभाळात गंधकाचा धूर सोडायचा, उन्हाला पडदा लावायचा, की सारं जग थंडगार! टाळ्या काय पडल्या! परदेशातून आलेला आपला पोरगा, कोट घालून साऱ्या जगावर सावली धरतोय. मग माझी आई उठली. आपण नागपूरला एम.एस्सी. करत असताना दर सुटीत जिच्या हातचं जेवलास, ती कुंताबाई. तिनं विचारलं, “बापू, ऊन कमी झालं त पानी कमी नाही होनार काय?” तू हसलास. “मावशी, सरासरी पाऊस तेवढाच राहते. तुमी कायले चिंता करता?” तुझ्यामागोमाग अख्खा मंडप हसला. आई पदर सावरत खाली बसली.

सरासरी! समुद्रात पडलेला पाऊस आमच्या धानाच्या बांधीत मोजणारा तू कोण रे? नागपूरला ही आकडेमोड आपण दोघांनीच केली होती. ऊन अडवलं तर समुद्रापेक्षा जमीन जास्त निवते, वाऱ्यांची ओढ ढिली पडते, पाऊस इथवर पोचेपर्यंत दमतो. उत्तर अंदाजाचं होतं, पण “पहिला मार धानाच्या मुलखाला बसेल” हे तूच म्हणाला होतास. अडाण्याची मला कीव येते. तू अडाणी नाहीस. तुला फक्त टाळ्या हव्या होत्या. एकोणऐंशी साली रोवणी झाल्यावर पाऊस गेला, तेव्हा दिवाळीनंतर आईनं वाळलेलं धान कापून बैलांपुढं टाकलं. त्याच आठवड्यात तुझं कार्ड आलं होतं: इथला बर्फ फार सुंदर आहे.

तरीही मी वाट पाहिली, हे तुला ठाऊक असावं. म्हणूनच काल तुझे काका मधुकरराव पेढे घेऊन निर्धास्त आले. लग्न करून तू मला तिकडं नेणार म्हणे. बाबा हरखले. आईनं तेवढं विचारलं, “तुह्या मनात काय हाये, बाई?” तिचं तोंड पाहून मी पेढे परत पाठवले. काकांना कारण सांगितलं नाही, ते तुला लिहिते आहे. त्या मंडपात हसण्याआधी तू एकदा तिच्याकडं नीट पाहिलं असतंस, तर मी ‘हो’ म्हणाले असते.

तुझीच झाली असती, ती
चंद्रकांता