शुद्धोदनाचं काय झालं

प्रिय विशू,

तू कसा आहेस हे विचारून उपयोग नाही, उत्तर येणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी विचारते. तिकडे डोंगरात थंडी फार असेल. इथे धामापुरात यंदा मोहोर भरून आला आणि ढगाळ हवेनं काळा पडला. काजूचंही तेच. तुझ्या बाबांनी मात्र त्यावरून एक अक्षर काढलं नाही, तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

तुला हसू येईल, पण मी तत्त्वज्ञान शिकायला जात होते. पुण्याची नोकरी सोडून तू त्या आश्रमात गेलास तेव्हा फोनवर म्हणालास, "आई, दुःखाचं मूळ तृष्णेत आहे. हे कळल्यावर मला आता घरी राहता येणार नाही." मला त्यातलं शेवटचंच तेवढं कळलं. पुढे मालवणच्या वाचनालयात दर रविवारी पौर्वात्य तत्त्वज्ञानाची तोंडओळख करून देणारा वर्ग निघाल्याचं ऐकलं आणि मी एसटी धरली. म्हटलं, ज्या शब्दांनी माझं पोर नेलं ते शब्द निदान बघून तरी यावं. कॉलेजातून निवृत्त झालेल्या अनुजाबाई शिकवायच्या. शिकणारे सगळे पिकल्या केसांचे, कुणाला बीपी, कुणाला मधुमेह. मोक्षाचा विषय निघाला की गोळ्यांची वेळ व्हायची.

सुरुवात बुद्धापासून झाली. बाई म्हणाल्या, जगात एकही गोष्ट दुसऱ्या क्षणी तीच नसते. माणूससुद्धा नाही. आत 'मी' म्हणून कायमचं काही सापडतच नाही. सगळे माना डोलवत होते. मी विचारलं, "मग मी वाट कुणाची बघते?" बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, "वहिनी, याचं उत्तर मला येत नाही." तेव्हापासून मला त्या आवडू लागल्या. मग सांख्य झालं. आत एक जण नुसता बघत असतो, सुखदुःख त्याला शिवत नाही, असं ते म्हणतात. मी घरी येऊन त्याला फार शोधलं. मला बघणारा सापडला नाही, रडणारी तेवढी सापडली. चीनमधले जुने ज्ञानी सांगतात, पाण्यासारखं असावं, अडवलं की वळसा घ्यावा. ते ऐकायला बरं वाटलं. पण वळसा घेऊन जायचं तरी कुठे?

कारण तोपर्यंत तुझे बाबा अंथरुणाला लागले होते. त्यांचं पोट दुखायचं हे तुला माहीत होतं. गोव्याला नेलं तर आत गाठ निघाली. डॉक्टर आमच्याशी फार प्रेमानं बोलले, तिथेच मी काय ते समजले. पडवीत खाट टाकली. मी वर्ग सोडणार होते, पण त्यांनीच सोडू दिला नाही. रविवारी मी पायरी चढले की विचारायचे, "बाईन आज काय शिकवल्यान गो?" तुझ्याविषयी थेट विचारणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून ते असं विचारायचे.

एका रविवारी सिद्धार्थानं घर सोडल्याची गोष्ट झाली. रात्री निघाला, घोडा, सारथी, सगळं बाईंनी छान रंगवलं. मी विचारलं, "आणि बापाचं काय झालं? त्या शुद्धोदनाचं?" बाई म्हणाल्या, "तो परत आला होता, वहिनी. बाप शेवटच्या आजारात असताना जवळ येऊन बसला, अशी कथा आहे." मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते कोपर टेकून उठून बसले. "खरां?" म्हणाले. मी म्हटलं, खरं. "मगे आमचो झील पण येतलो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांच्या ओमकारला हाक मारून खाट घराकडे येणाऱ्या वाटेच्या बाजूला फिरवून घेतली. "माका पाणंद दिसूक व्हयी," म्हणाले. तृष्णा म्हणजे काय ते मी वाचनालयात नाही, त्या खाटेपाशी शिकले. त्यांची चहाची इच्छा गेली, माशाची गेली. बागेत कोण फवारणी करतंय हे विचारायचंही त्यांनी सोडलं. उरली ती एकच. पाणंदीतून कुणी आलं की मान उचलायचे आणि पोस्टमन नाहीतर दूधवाला दिसला की मान टाकायचे. मग मान उचलणं झेपेना, तेव्हा नुसते डोळे वळवायचे. गेल्या सोमवारी दुपारी मी पेज भरवत होते. त्यांनी तोंड मिटून घेतलं. मला वाटलं, नको म्हणतायत.

अग्नी ओमकारनं दिला. पुतण्याच तो, नीट केलंन सगळं. दारापुढच्या खळ्यात जो तो विचारत होता, झील खंय आसा? अनुजाबाईही येऊन गेल्या. तत्त्वज्ञानातलं काही बोलल्या नाहीत. माझा हात धरून बसल्या आणि शेवटच्या एसटीनं गेल्या. वर्गाला मी आता जाणार नाही. जे विचारायचं होतं ते विचारून झालं.

जे पहिल्या ओळीत लिहायचं ते इतकं लांबलं. विशू, बाबा आजारी असताना मी तुमच्या आश्रमात कितीदा फोन केला, ते तुला कुणी सांगितलं नसणार. तिथले गृहस्थ दर वेळी शांतपणे सांगायचे की साधकाचं दीर्घ मौन चालू आहे, या काळात आई किंवा वडील गेल्याखेरीज घरचं पत्र हातात देत नाहीत. मी म्हणायचे, अहो, ते जातायत. ते म्हणायचे, गेले की कळवा. तसं कळवते आहे. तू ये असं मी म्हणत नाही, आता पाणंदीकडे बघणारं कुणी नाही. फक्त एवढं ध्यानात ठेव, की त्या नियमानं तुला घरून आणखी एकच पत्र मिळू शकेल, आणि ते मी लिहिलेलं नसेल.

तुझीच,
आई