अब्बांच्या नावाने

प्रिय नाझिश,

तुझा फोन आला की मी दोन मिनिटांत ठेवते म्हणून तू रागावतेस. काय करू, बोलताना मला खोटं पटकन सुचतं. म्हणून आज लिहितेय, लहानपणी तुला शिकवलेल्या मराठीतच. सावकाश वाच.

अब्बांना जाऊन चाळीस दिवस झाले, परवा चाळिसावा केला. तुझ्या भावाने, अर्शदने अब्बांचं दुकान पुन्हा उघडलं. झिंज मोहल्ल्यातल्या या घरात आता दिवसभर मी एकटीच. वरच्या मजल्यावरच्या हेमाताई संध्याकाळी येऊन बसतात.

तू लंडनला फार्मसी शिकायला गेलीस आणि नाटकाच्या शाळेत नाव घातलंस, ते कळलं त्या दिवशी अब्बा जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "हमीदा, तिचं नाव या घरात काढायचं नाही." पुढे तुझं पहिलं नाटक आलं. मोलकरणीचं काम, सगळी मिळून तीन वाक्यं. त्याआधी तू फोन केलास, "अब्बा काही बोलले?" दोनदा विचारलंस. माझ्या तोंडून निघून गेलं, "दुआ दिलीय त्यांनी."

मग दर वेळी मी त्यांच्या नावाने दुआ देत गेले. गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीत होतीस तेव्हा, आणि आठ महिने काम नव्हतं, कॅफेत कप धूत होतीस तेव्हाही. टीव्हीवरच्या मालिकेत नर्स झालीस, तर मी सांगितलं, अब्बांनी पाहिलं, खूश झाले. पाहिलं होतं मी, हेमाताईंकडे बसून. इंग्रजी भराभर जायचं, त्या मध्येच थांबवून अर्थ सांगायच्या. तू मेलेल्या बाळाला कपड्यात गुंडाळतेस तो भाग आला आणि मी म्हटलं, "ताई, हिला आता घरी जाऊ दे म्हणावं." मग सिनेमा आला, मोठ्या थिएटरात तू राणी झालीस. मुलाखतीत म्हणालीस, पडदा उघडण्याआधी अब्बांची दुआ आठवते. हेमाताईंनी ते वाचून दाखवलं, तशी मी उठून स्वयंपाकघरात गेले.

नाझिश, अब्बांनी शेवटपर्यंत तुझं नाव घेतलं नाही. हॉस्पिटलमध्ये मी विचारलं, "पोरीला बोलवू?" त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हणूनच तुला कळवायला उशीर झाला, तू पोचलीस तेव्हा दफन झालं होतं. मी वर हेमाताईंकडे कशाला जाते ते त्यांना ठाऊक होतं, पण कधी अडवलं नाही. तेवढंच खरं आहे. याहून जास्त सांगितलं तर पुन्हा खोटं होईल.

काल अर्शद म्हणाला, तू नवं नाटक तालमीतच सोडलंस. अब्बांची दुआ गेली, आता स्टेजवर पाय ठरत नाहीत, असं सांगितलंस त्याला. म्हणून हे लिहावं लागलं. तुझे अब्बा मी तुझ्यापासून दुसऱ्यांदा हिरावून घेतेय, जमलं तर माफ कर. पण इतकी वर्षं ती दुआ माझी होती, पोरी. रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर मागितलेली. आणि मी अजून आहे. त्या नाटकवाल्यांना फोन कर, उद्यापासून येते म्हणून सांग.

तुझीच,
अम्मी