तीन तारखेची पट्टी

नागपूर,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय भावना,
सप्रेम जय भीम.

बाबांची तब्येत आता चांगली आहे. टाके कोरडे झालेत. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही एवढंच पथ्य, आणि तेवढंच त्यांना पाळवत नाही. पेसमेकरचं कौतुक सगळ्या गल्लीला सांगून झालं. डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं, हृदयाच्या वरच्या कोपऱ्यात ठिणगी पडते, मधल्या गाठीपाशी क्षणभर थांबते आणि मग खाली उतरली की ठोका पडतो. तुमची ठिणगी मधेच अडकत होती. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेल्या लाइनमनला एवढं पुरलं. "वरून सप्लाय येऊन राहिला होता, खालची लाइनच बंद," असं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. आणि पुढे न चुकता माझं नाव, "लतिका होती म्हणून वाचलो."

फोनवर तू मधेच बोलतेस, म्हणून हे लिहून कळवते आहे.

बावीस वर्षं मी धरमपेठेतल्या दवाखान्यात ईसीजी काढते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबांचाही काढते. पट्टी बघून मी म्हणायची, ठीक आहे. बाबा शर्टाची बटणं लावत म्हणायचे, भावनाला फोटो पाठव. डॉक्टरीणबाईंचं 'नॉर्मल' पुण्याहून आलं की मग त्यांना चहा गोड लागायचा. तू अर्धा मिनिट बघणार. त्यांच्या छातीला जेल लावायचं, पुसायचं, ते माझ्याकडे. मला राग यायचा. राग कसला, जळायचे मी तुझ्यावर.

तीन तारखेच्या पट्टीत दोन ठिकाणी वरच्या ठिणगीची लहान लाट होती आणि तिच्यामागे ठोकाच नव्हता. मला लगेच कळलं. आणि भावना, मला आधी आनंद झाला. वाटलं, हे मी पकडलं. मीच त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेणार, बाबा म्हणणार पोरीनं वेळेत ओळखलं, आणि तुला ते मागाहून कळणार. मी तुला ऑक्टोबरची जुनी पट्टी ताजी म्हणून पाठवली. तू 'नॉर्मल' लिहिलंस. मी गुरुवारची वेळ घेतली.

बुधवारी सकाळी ते बाथरूममध्ये पडले. नाडी चौतीस.

खरी पट्टी पाहिली असतीस तर तू त्यांना रविवारीच भरती करायला लावलं असतंस, हे मला माहीत आहे. ऑपरेशनला आलीस तेव्हा माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, ताई, तू होतीस म्हणून. जे ऐकायला मी इतकी वर्षं कान लावून बसले होते, ते आता घरात रोज ऐकते आणि ताटावरून उठून जाते.

काल दुपारी बाबांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "भावनाले सांगू नको वं. तिले लय वाईट वाटन."

मला एका शब्दानं बोलले नाहीत. मी त्यांचे पाय धरायला हवे होते. पण खरं सांगते, तेव्हाही माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की अजूनही आधी तूच.

म्हणूनच त्यांचं न ऐकता तुला कळवते आहे. खरी पट्टी सोबत ठेवली आहे.

अजूनही जळणारी,
तुझी ताई