समासातलं प्रश्नचिन्ह

१४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय मोजणीसाहेब,

नमस्कार. तू बरा असशील. माझं ठीक चाललंय, म्हणजे जेवते, झोपते, कामावर जाते. स्वयंपाकघरातला नळ अखेर दुरुस्त करून घेतला. प्लंबरनं विचारलं, याला आधी कुणी हात लावला होता? मी तुला पाठीशी घातलं. परवा तुझ्या आईंचा फोन होता. गुडघ्यांबद्दल बोलल्या, तुझ्याबद्दल नाही.

कागद मिळाले. शुक्रवारी सह्या आहेत हे लक्षात आहे. त्याआधी तुला वकीलबाईंचा फोन येईल, कदाचित आलाही असेल, म्हणून हे पत्र. घटस्फोटाच्या कागदावर पेन्सिल चालवणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली म्हणे. "अहो, हे काय पुस्तकाचं प्रूफ आहे का?" मी माफी मागितली. सवयीनं झालं म्हटलं. ते निम्मंच खरं होतं.

आम्हा प्रूफ तपासणाऱ्यांची पद्धत तुला माहीत आहे. चुकीची खात्री असली की लाल शाईनं दुरुस्ती. शंका असली की समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. ते ठेवायचं की खोडायचं, हे ज्याचं लिखाण त्यानं ठरवायचं.

गेल्या महिन्यात हेरबाईच्या कादंबऱ्यांतलं दहावं पुस्तक तपासायला आलं. तू त्यांतलं एकही धड वाचलं नाहीस (पहिलं तर छातीवर ठेवून झोपलास), म्हणून सांगते. हेरबाई आणि शेजारचा औषधवाला. नऊ पुस्तकं ती रोज सकाळी त्याच्या दुकानात चहा पिते, त्याला ताप आला की उशाशी बसते, तो परगावी गेला की तिचं तपासात लक्ष लागत नाही. बस, इतकंच. वाचकांची पत्रं माझ्याच टेबलावर येतात. निम्मे म्हणतात, यांचं आतून काहीतरी चालू आहे, लेखिका लपवते. उरलेले म्हणतात, बाई दगड आहे. एका मुलीनं मात्र लिहिलं होतं की हेरबाई अलैंगिक आहे, म्हणजे तिला शरीराची ओढ नाही. पण तिचं त्याच्यावर मनापासून प्रेम आहे, आणि या दोन गोष्टी वेगवेगळ्या असू शकतात. ते पत्र मी चार वेळा वाचलं. फायलीला लावलं. मग डबा खाल्ला.

दहाव्या पुस्तकात लेखिकाबाईंनी दोघांना एका पलंगावर आणलं. मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, "ही असं करेल का? नऊ पुस्तकांत हिला हे एकदाही हवंसं वाटलेलं नाही." त्यांचा फोन आला.

"अहो, प्रेम आहे ना तिचं? मग हे ओघानं येतंच."

"नाही येत."

"कुणाला नाही येत?"

"मला."

मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "ते प्रकरण आहे तसंच राहू दे. वाचक कधीची वाट बघतायत." मी प्रश्नचिन्ह खोडलं, स्वल्पविराम नीट केले आणि पानं पुढे पाठवली. काही वाटलं नाही. हल्ली मला फारसं काही वाटतच नाही.

मग तुझे कागद आले. चौथं कलम: "पत्नीला पतीविषयी प्रेम उरलेले नाही." हात पेन्सिलीकडे गेला.

ते वाक्य वकीलबाईंच्या पदरचं नाही. मीच तुला म्हटलं होतं. तीन वर्षं तू विचारत होतास, घोडं नेमकं कुठे पेंड खातंय? माझं काही चुकतंय का? दुसरं कुणी आहे का? आणि मी मूग गिळून बसायचे. तू जवळ आलास की मी मनातल्या मनात दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी करायचे. सुरुवातीला त्यानंतर रडायचे, पुढे तेही थांबलं. शेवटी तू विचारलंस, "तुझं प्रेमच नाही का माझ्यावर?" मी नाही म्हटलं. तेव्हा मला तेवढंच एक कारण माहीत होतं. तू मोजणीची टेप उलगडून पुन्हा गुंडाळत बसलास, आणि जेवला नाहीस.

मला ते जवळ येणं नको होतं. तू नको होतास असं एक दिवसही झालं नाही. तू साइटवरून येईपर्यंत मी खिडकीत उभी असायचे. बूट काढताना तू जे बेसूर गुणगुणायचास, त्यासाठी मी रेडिओ बंद करायचे. मी दगड आहे असं तुला वाटलं आणि मलाही ते पटलं. आपण दोघंही चुकलो.

परत ये म्हणत नाही. तुला जे हवं होतं त्यात काही वावगं नव्हतं. ते माझ्याकडे नव्हतं, पुढेही नसेल. शुक्रवारी मी येईन आणि सही करीन. फक्त चौथं कलम खरं धरून तू पुढचं आयुष्य काढशील, एवढं मात्र मला सोसवत नाही. कागदावरचं प्रश्नचिन्ह पेन्सिलीचं आहे. खोडावंसं वाटलं तर खोड.

खालची ओळ लाल शाईत आहे.

माझं तुझ्यावर प्रेम आहे.

तुझी,
कानामात्रा