बोटभर डावीकडे

३ नोव्हेंबर, चिंचणी

आले एकदाची! सांगलीहून निघताना आईने, मामाने आणि ज्यांचा काही संबंध नाही अशा शेजाऱ्यांनीसुद्धा सांगून पाहिलं की एकट्या बाईने इतक्या लांब समुद्राकाठी कशाला जायचं. म्हणून तर आले. तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेतली नोकरी आणि राहायला वेणूच्या घराची मागची खोली. खिडकी एकच, पण अख्खी समुद्राकडे उघडते. अंगणापलीकडे बांबूंना बांधलेल्या दोरांवर बोंबील वाळत घातलेत, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने. सकाळी नाक मुठीत धरलं होतं, संध्याकाळी सोडून दिलं.

वेणू पन्नाशीची, विधवा, मासळी सुकवते आणि विकते. तिचा धाकटा भाऊ नारू बोटीवर जातो, शेजारच्याच घरात राहतो. दोघांनी मिळून माझी ट्रंक आत आणली. तिच्यात कपड्यांपेक्षा कॅमेरे जास्त आहेत हे कळल्यावर वेणू पोट धरून हसली. न्हाणीघरात मी फिल्म धुणार म्हटल्यावर म्हणाली, धू बाय, फक्त मासळीच्या टोपात नको धुऊस.

९ नोव्हेंबर

आज सुट्टी, डहाणूला गेले. स्टेशनजवळ एक बंद फोटो स्टुडिओ आहे. मालक जिग्नेश आता तिथे मोबाइल दुरुस्त करतो. मी काचेला नाक लावून आतले जुने कॅमेरे बघत होते, तर त्याने आतच बोलावलं. गप्पांत तास गेला. मराठी, मध्येच गुजराती, मध्येच हिंदी. उठताना त्याने कपाटातून एक पितळी भिंग काढून माझ्या हातात ठेवलं. त्याच्या वारलेल्या काकाचं. इथे धूळ खातंय, तुम्हाला समजतं त्यातलं, घेऊन जा योगिताबेन, म्हणाला. मी नको-नको म्हणायच्या आत कागदात गुंडाळूनही दिलं.

माझ्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर ते असं बसलं की जणू त्याच्यासाठीच केलेलं. पन्नास मिलिमीटरचं आहे, नव्वद वर्षांचं तरी असेल. काचेवर लेप नाही, म्हणजे उजेड समोरून आला की सगळ्या चित्रावर दुधाची साय धरणार. छिद्र पूर्ण उघडलं की चेहऱ्याभोवती मऊ प्रभा आणि मागची झाडं गरगरत गेलेली. आताची भिंगं परीक्षेत पहिल्या येणाऱ्या मुलांसारखी असतात, चूक म्हणून करत नाहीत. हे मात्र स्वतःच्या मर्जीने चालणारं. माझ्यासारखं!

१६ नोव्हेंबर

दिवसभर फोटो काढले. सकाळी डहाणूच्या चिकूच्या वाडीत काळीचा काढला. काळी तळासरीहून मजुरीला येते, सरसर झाडावर चढते आणि हात न थांबवता माझी चौकशी करते: लग्न झालं का, का नाही झालं, करणार आहेस का. दुपारी चिंचणीत वेणूचा काढला आणि मग धक्क्यावर नारूचा.

एक गंमत लिहून ठेवते. या कॅमेऱ्यात आपण भिंगातून बघतच नाही, बाजूच्या वेगळ्या खिडकीतून बघतो. खिडकीच्या मधोमध पिवळसर चौकोन असतो आणि त्यात माणूस दोनदा दिसतो. भिंगावरची कडी फिरवली की दुसरा सरकत पहिल्यावर येतो. दोघे एकजीव झाले की फोकस लागला. भिंगाने काय पाहिलं ते फिल्म धुतल्यावरच कळायचं. तर वेणू बोंबील टांगत होती, माझ्याकडे पाठ होती तिची. चौकोनातली दुसरी वेणू मात्र माझ्याकडे वळून बघत होती. मी कडी फिरवली, ती सरकत येऊन पहिलीवर बसली आणि मी बटण दाबलं. चमक असणार. पाण्यावरून येते ती.

२२ नोव्हेंबर

फिल्म धुतली. असे फोटो मी जन्मात काढले नव्हते. काळीच्या मागचं झाड भोवऱ्यासारखं फिरतंय, नारूच्या खांद्यावर ऊन सांडलंय. एवढंच की तिघंही चौकटीत जागच्या जागी नाहीत, जरा डावीकडे सरकलेली. त्यात नवल नाही. खिडकी एकीकडे, भिंग दुसरीकडे, म्हणून जवळच्या फोटोत तेवढा फरक पडतोच. पुस्तकात असतं.

२९ नोव्हेंबर

वेणूला काय झालंय कोण जाणे. डोळे मिटून बोंबील टांगणारी बाई, आज तिच्या हातून जोड्याच्या जोड्या वाळूत पडत होत्या. दोराच्या शेजारी हवेत सोडत होती. परवा विळीवर बोट कापून घेतलं. मला म्हणाली, विळी सरकली. विळी तिच्या पायाखाली घट्ट होती, मी समोरच बसले होते.

३ डिसेंबर

नारू पडला. बोट धक्क्याला लागताना वरून दोर टाकतात तो झेलायला गेला आणि बोट अन् धक्क्याच्या मध्ये गेला. बरगड्या मोडल्यात. बाकीच्यांनी ओढून काढलं म्हणून जिवंत आहे. वीस वर्षं तोच दोर झेलतोय तो.

भेटायला गेले. धाप लागत होती तरी मला जवळ बोलावून म्हणाला, “मॅडम, दोर होता तिथंच हात घातला मी. दोर तिथं नव्हता.”

मी विचारलं, मग कुठे होता?

त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या कानाच्या जरा शेजारी पाहिलं. म्हणाला, “बोटभर बाजूला.”

४ डिसेंबर

रजा टाकून वाडीत गेले. काळी आठवडाभर आलेली नाही. मुकादम सांगतो, फांदीवर पाय ठेवला आणि खाली आली. खालची फांदी हाताला लागली म्हणून वाचली. आता घरीच असते.

तिघं. ज्यांचे फोटो त्या भिंगाने काढले तीच तिघं. गेल्या महिन्याभरात दुसऱ्या भिंगाने मी अर्ध्या गावाचे काढलेत, ते सगळे ठणठणीत आहेत.

५ डिसेंबर

जिग्नेशला जाऊन सरळ विचारलं. आधी तो हसला. मग दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि बोलला. काका शेवटी-शेवटी चहा कपाच्या शेजारी ओतायचा. दारातून जाताना चौकटीला आपटायचा. डॉक्टरांना काही सापडलं नाही. आणि म्हाताऱ्याने एक वेडच घेतलं होतं: ज्यांचे जुने फोटो काढले त्यांना शोधून पुन्हा काढायचे, तेही कॅमेरा उलटा धरून. लोक हसायचे, घरच्यांना लाज वाटायची. मग एका दुपारी ओसरीवरून उतरताना पायरीच्या शेजारी पाय टाकला, तो गेलाच.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॅमेरा उलटा धरला की खिडकी या बाजूची त्या बाजूला जाते. जे डावीकडे सरकलं ते उजवीकडे सरकणार.

जिग्नेश हात जोडून म्हणाला, “योगिताबेन, ते दरियात टाका नि सांगलीला निघून जा. माझीच चूक, मी द्यायला नको होतं.”

मी म्हणाले, दर्यात टाकलं तर ही तीन माणसं कोण जागेवर आणणार? त्यांना तिकडे मी ढकललंय. आणि मला माघार घ्यायला लावायचं काम सांगलीत भल्याभल्यांना जमलं नाही, एका काचेला काय जमणार.

७ डिसेंबर

वेणूला अंगणात उन्हात उभी केली. काही विचारू नकोस, हलू नकोस, एवढंच सांगितलं. कॅमेरा उलटा धरला. चौकोनात दोन वेणू. पहिली घाबरलेली. दुसरी माझ्याकडे बघून नाही-नाही अशी मान हलवत होती. कडी फिरेना, कोणीतरी पलीकडून धरून ठेवल्यासारखी. मी दात-ओठ खाऊन फिरवली. ती वेणूवरून सुटून बाजूला झाली, तेव्हाच बटण दाबलं.

वेणूने खाली वाकून बोंबलाची जोडी उचलली, दोरावर टाकली. राहिली! दुसरी टाकली, तिसरी टाकली. रडत-रडत टांगत सुटली. मला मिठी मारली तीसुद्धा नीट, मध्यावर.

संध्याकाळी चहाचा पेला उचलायला गेले. माझी बोटं पेल्याच्या शेजारी मिटली.

ठीक आहे. त्यांच्याऐवजी मला घे.

१० डिसेंबर

तळासरी. काळीच्या पाड्यावर चढ चढून गेले. ती दारात बसून राहिली होती, उठायची भीती. नवरा म्हणाला, फोटोनेच झालं ना, मग आता परत फोटो कशाला? बरोबर होतं त्याचं. मी काही लपवलं नाही, सगळं सांगितलं. तो दार लावणार होता, काळीनेच अडवलं. म्हणाली, “काढू दे. मला झाड पाहिजे.”

काढला. या वेळी कडी भाजत होती. काळी उठली, अंगणातल्या आंब्यावर चढली आणि वरून मला ओरडून विचारलं, मग लग्न करणार का नाही? खाली तिचा नवरा डोळे पुसत उभा.

घरी येऊन किल्ली कुलपात जाईना. वेणूने उघडलं.

११ डिसेंबर

आता ती दुसरी कॅमेऱ्याशिवायही दिसते, माझ्याच रूपात. आरशात माझ्या डावीकडे, जरा मागे. मी बोलले की तिचे ओठ हलतात. आधी हलतात.

वेणूला सांगितलं. ती म्हणाली, नारूचं राहू दे. तो बसून खाईल, मी घालीन. तू जा तुझ्या आईकडे. हे ती सख्ख्या भावाबद्दल म्हणाली. मग तर कसली जाते मी.

१३ डिसेंबर

नारूचा काढला. खाटेवरच, खिडकीतून ऊन आलं तेव्हा. वेणूने माझे हात मागून धरून ठेवले होते, नाहीतर कडीच हाताला लागली नसती. बोटं भाजली.

नारूने तांब्या उचलला. तोंडाला लावला. थेंबही सांडला नाही —

तिघं झाली.

१४ डिसेंबर

अक्षरं ओळीवर राहत नाहीत. ओळ इथे, अक्षर तिथे. वेणू जेवण भरवते.

ती जवळ आलीय. स्थिर बसले की सरकते. माझ्यावर येऊन बसायचंय तिला — एकजीव —

नाही बसणार स्थिर. दिवसभर अंगणात फेऱ्या मारते. मारू दे धडका. खांब, दार, दोर. लागू दे.

१५ डिसेंबर, दुपार

जिग्नेशच्या काकाने एक केलं नाही. भिंग फोडलं नाही, ठेवून दिलं. जीव लावला होता त्याने — मीही लावला. इतकी सुंदर काच —

नारूकडून हातोडी मागवली. वेणू म्हणाली मी फोडते. तिने मारली, तीनदा, चरासुद्धा नाही. माझ्या हातूनच जाणार ते.

दगडावर ठेवलंय. उन्हात चमकतंय. पहिला घाव शेजारच्या वाळूत. दुसराही.

अगं पण मला माहितीय ना किती चुकतं ते! दिसतं तिथे मारायचंच नाही. बोटभर डावीकडे.

उजव्या हातात हातोडी, डाव्याने लिहितेय. वेणू मागे उभी आहे. मी तिला म्हणाले मागे सर —

ती समोर बसलीय. दगडापलीकडे. माझ्यासारखीच. पहिल्यांदाच घाबरलेली दिसते.

घाबर.

मी हात उचलला. तिनेही उच