दुसऱ्या परीक्षकाचा शोध

तीर्थरूप आत्या,

दोन्ही गुडघ्यांसकट साष्टांग नमस्कार. (गुडघे माझे. तुझे आता जिना चढू देतात की नाही ते सविस्तर कळव, नुसत्या ‘बरे आहेत’वर भागवू नकोस.) दोन वर्षांत माझं पत्र नाही म्हणून तू रागावली असशील, आणि ते रास्तच आहे. पण मी मुद्दाम गप्प होतो. गोगलगाईंवरचा माझा नवा लेख छापून आला की तोच तुझ्यापुढे ठेवायचा आणि तुझं तोंड बघायचं, असा बेत होता. त्या बेताचं काय झालं ते आता ऐक.

आमच्या कॉलेजच्या मागच्या ओलसर भिंतीवर बारा गोगलगाई राहतात. रात्रभर हिंडून प्रत्येकजण पहाटे स्वतःच्याच भेगेत परत येते. कशी येते? या एका प्रश्नापायी मी त्यांच्या पाठीवर बायकोच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले (बाटली नवी होती, बायको आठवडाभर बोलत नव्हती) आणि रोज सकाळी भिंतीला नाक लावून हजेरी घेतली. शिपाईकाका हल्ली माझ्याजवळून जाताना जरा लांबूनच जातात. निष्कर्ष असा निघाला, की त्यांना घर आठवतं. लेख लिहिला आणि एका चांगल्या जर्नलकडे पाठवला. पुढच्या महिन्यात कायमच्या जागेची मुलाखत आहे, आणि स्वीकारलेला लेख हातात असल्याशिवाय आत बोलावतच नाहीत. सात वर्षं मी हंगामी आहे, हे तुला ठाऊकच आहे.

तू प्राणिशास्त्र शिकवायचीस तेव्हा लेख टाइप करून पाकिटात घातला की झालं. आता संकेतस्थळावर सहा वेळा नाव भरून घेतात आणि मग तेच नाव लेखातून खरवडून काढायला लावतात, कारण लेखकाला परीक्षक कळता कामा नये आणि परीक्षकाला लेखक. हा लपंडाव मला फार आवडतो. मी नाव काढलं, कॉलेज काढलं, बायकोचे आभार काढले आणि उत्साहाच्या भरात माझ्याच आधीच्या लेखाचे सगळे उल्लेखही काढून टाकले. नडलं ते हेच.

दरम्यान भलत्याच जर्नलांची पत्रं रोज येत होती. मला ‘परमआदरणीय विद्वद्वर्य’ म्हणून ते दंतवैद्यकावर लेख मागतात आणि चार दिवसांत छापून देतात, पैसे मात्र लेखकाने भरायचे. शेजारच्या टेबलावरच्या रसायनवाल्या बाईंनी तिथे तीन लेख छापले आणि त्या कायम झाल्यादेखील. मला मोह झाला नाही असं नाही. पण तिथलं कोणी काही वाचत नाही, आणि आपलं कोणीतरी वाचावं ही तर माझी हाव.

चार महिन्यांनी दोन अभिप्राय आले. पहिला परीक्षक बेहद्द खूश. फक्त त्याने ‘माशांवरील मौलिक कामा’चं कौतुक केलं होतं. (यंत्राकडून लिहून घेतलेलं दिसतं, आणि यंत्रानेही लेख वाचलेला नाही.) दुसऱ्याने मात्र अक्षर न् अक्षर वाचून सालटी काढली होती. भिंत एकदाही धुतलेली नाही, मग गोगलगाई आठवणीने येतात की आपल्याच चिकट मागावरून, हे कशावरून ठरवलं? आणि पुढे तर कहरच. म्हणे, हा विषय एका तरुण संशोधकाच्या जुन्या लेखातून न सांगता उचललेला आहे. त्या तरुणाची चिकाटी आणि नजर या लेखकाकडे नाही, याने तो लेख आधी नीट वाचावा. तो तरुण म्हणजे मी, आत्या! माझीच चोरी केल्याचा आळ माझ्यावर!

दिवसभर चडफडलो. मग बादली आणि ब्रश घेऊन भिंत धुतली (शिपाईकाकांनी लांबूनच हात जोडले). दुसऱ्या दिवशी बारापैकी सातजणी भलत्याच भेगांत सापडल्या. म्हणजे परीक्षक बरोबर आणि माझा निष्कर्ष आडवा. राग गेला आणि नुसती उत्सुकता उरली, की हे माणूस आहे तरी कोण? माझा तो जुना लेख आजवर तिघांनीच उघडला, असं संकेतस्थळावरचा आकडा सांगतो. एक मी. दुसरी बायको, तीही चुकून. तिसरं कोण?

बाकी घरी सगळे मजेत. उत्तर सवडीने दे.

तुझाच,
भाचा

ता. क. तिसरी तू. तो लेख मी फक्त तुलाच पाठवला होता, निवृत्तीनंतरही जर्नलं तुझ्याकडे लेख तपासायला पाठवतात, आणि ‘कशावरून ठरवलं?’ असं विचारणारं माणूस आपल्या घरात एकच आहे.

आणखी एक. नातेवाइकाने लेख तपासायचा नसतो, म्हणून संपादकांना मी खरं काय ते आजच कळवलं. तुझी यात काही चूक नाही, तुला नाव दिसतच नव्हतं. आता ते नवा परीक्षक शोधतील, त्यात सहा महिने जातील आणि मुलाखत हुकेल. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू.

शेवटचं, आणि पत्र खरं म्हणजे यासाठीच. उरलेल्या पाचजणी धुतलेल्या भिंतीवरूनही बरोबर आपापल्या भेगेत आल्या. कशा, ते मला कळत नाही. ये ना, दोघं मिळून बघू. आणि त्या तरुणाबद्दल जे लिहिलंस, ते तू मला समोर कधीच म्हणाली नाहीस गं. माझ्याकडे त्या अभिप्रायाचा कागद आहे, पण त्यावर सही नाही. आलीस की तेवढी करून दे.